इंचभर पीक

चादर घेताना माणसानं चादर बघावी. मी आकडा बघितला.

दिवाळीच्या सेलमध्ये मोबाइलवर दोन चादरी शेजारीशेजारी दिसत होत्या. रंग तोच, फुलं तीच, घडीसुद्धा तशीच. एकीखाली ‘४०० थ्रेड काउंट’ असं लिहिलेलं, दुसरीखाली ‘१०००’. किमतीत साडेअकराशेचा फरक. थ्रेड काउंट म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. पण हजार हे चारशेपेक्षा जास्त असतात एवढं माझं गणित पक्कं आहे, आणि ते पक्कं असल्यामुळेच मी आयुष्यभर फसत आलो आहे. कॅमेऱ्याचे मेगापिक्सल, मिक्सरचे वॅट, च्यवनप्राशातल्या वनौषधी... मोठा आकडा दिसला की माझा हात खिशाकडे जातो.

चादर आली. मी ती उलगडून हिच्यापुढे धरली.

“हजार आहे,” मी म्हणालो.

“हजाराला मिळाली? बरी आहे मग.”

“हजाराला नाही गं. हजार धागे आहेत.”

“कुणी मोजले?”

लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या काळात या बाईनं दोन-दोन शब्दांचे प्रश्न विचारून माझ्या अनेक खरेद्यांची वाट लावली आहे. त्यात ती पडली इचलकरंजीची. रात्री मागांचा खडखडाट चालू असला की गाढ झोपायचं आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून उठायचं, अशा गावात वाढलेली. तिला चादरीबद्दल सांगणं म्हणजे कोळिणीला बोंबील ताजे आहेत म्हणून सांगण्यासारखं.

“मी मोजतो,” मी म्हणालो. हे वाक्य बोललो नसतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एका चौरस इंचातले उभे धागे अधिक आडवे धागे म्हणजे थ्रेड काउंट, एवढी माहिती मोबाइलनं दिली. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. मी मुलीची जुनी कंपासपेटी काढली, चादरीच्या मधोमध पट्टी ठेवली आणि एक इंचाचा चौकोन आखला.

“पेन कुठलं घेतलंत?” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“बॉलपेन.”

“जाईल?”

“धुतल्यावर जातं.”

तो चौकोन आजही आहे. पुढे तो या कथेत येणारही आहे.

हातात सुई, डोळ्यांवर जवळचा चष्मा आणि चादरीपासून दोन इंचांवर नाक, असा मी बसलो. तेवीसपर्यंत गेलो आणि दाराची बेल वाजली. पुन्हा पहिल्यापासून. एकतिसाला शिंक आली. नाकापासून चादर दोनच इंच असताना शिंक आली म्हणजे काय होतं, ते सांगत नाही. तिसऱ्या वेळी हिनं बाहेर जाताना सांगितलं, “तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.” मी मान डोलावली. एकेचाळीस, बेचाळीस, एक. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, दोन. मग पंचेचाळीस की तीन? त्या दिवशी वरणाला नऊ शिट्ट्या झाल्या आणि धागे अठ्ठेचाळीसावर राहिले. वरण कुकरच्या झाकणालाही लागलं होतं.

शेवटी इचलकरंजीला फोन लावला. हिचे मामा चाळीस वर्षं तिथं एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर घडी खात्यात होते. मागावरून उतरलेले ताके त्यांच्यापुढे यायचे आणि पास व्हायचे किंवा परत जायचे. मामांच्या हातून गेलेलं कापड अंथरलं असतं, तर पंचगंगा झाकली गेली असती असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे.

फोन स्पीकरवर होता आणि समोर माझे व्याही बसले होते. व्याही शिरोळ तालुक्यातले, ऊसवाले.

“पीक किती भरतंय, जावईबापू?” मामांनी थेट विषयाला हात घातला.

“तेच समजत नाहीये, मामा. चार वेळा बघितलं, चारही वेळा वेगळं.”

“तसं असतंयच. एका ताक्यात दोन-दोन पिकं इकडं-तिकडं होतात. कडेचं धरू नका, कडेला दाट असतंय.”

व्याह्यांनी संमतीची मान हलवली. “बांधाकडंला येतंयच जोमदार,” ते हळूच म्हणाले.

“आणि चांगल्या मालात इंचाला अठ्ठ्याऐंशी पीक पाहिजे बघा!” मामा म्हणाले.

“इंचाला?” व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “आम्ही गुंठ्यानं बोलतोय अजून. बियाणं कुठलं म्हणायचं ह्यांचं?”

हे पीक वेगळं, हे त्यांना समजवायला अर्धा तास गेला. धोटा एकदा डावीकडून उजवीकडे गेला की कापडात एक आडवा धागा पडतो, त्याला पीक म्हणतात. शब्द इंग्रजांचा असला, तरी आमच्याकडे येऊन तो शेतकरी झाला. व्याह्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. जाताना त्यांनी हळूच विचारलं, “पण हमीभाव असतोय का ह्याला?”

गंमत म्हणजे असतो. निदान त्याच्यावरून भांडण तरी असतंच. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्या एकाचं बघताबघता अख्खं गाव झालं. व्यापाऱ्यानं सूत द्यायचं, खर्चीवाल्यानं ते विणून द्यायचं, आणि मजुरी ठरायची ती मीटरला पिकामागे इतके पैसे, अशी. पीक दाट म्हणजे माग जास्त वेळ खडखडणार, मीटर सावकाश पडणार. म्हणून खर्चीवाला पिकाचे पैसे मोजून घेतो आणि व्यापारी पैशाचं पीक मोजून घेतो. एका इंचात दोन धाग्यांचा फरक म्हणजे तुम्हा-आम्हाला धूळ, तिथं तो रुपयांत होतो.

मामा आठवडाभरानं स्वतःच पुण्यात आले. कारण चादर नव्हती, मोतीबिंदू होता. तरी येताना त्यांनी जयसिंगपूरचं भडंग आणि खिशातून एक पितळी वस्तू आणली. तीन घड्यांची, आगपेटीएवढी. उलगडली की खाली बरोबर एक इंचाची चौकट आणि वर भिंग. हीच ती पीक ग्लास. चाळीस वर्षांच्या वापरानं तिचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते.

मी चादर आणली. मामांनी भिंगाकडे बघितलंही नाही. डोळे मिटले, चादरीचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरला आणि तंबाखू मळावी तसा दोनदा मळला.

“आडवे सत्तर-बहात्तर,” ते म्हणाले. “उभे दीडशेच्या वर. आणि हे भोक कुणी पाडलं?”

ते मीच पाडलं होतं. कापड उसवून धागा-धागा सुटा करून मोजायची एक रीत आहे, असं मी मध्ये कुठंतरी वाचलं होतं. रीत खरी आहे. फक्त ती नमुन्याच्या तुकड्यावर करायची असते.

मग माझी शिकवणी सुरू झाली. किनार सोडून मोजायचं, एकाच जागी नाही तर पाच वेगवेगळ्या जागी मोजायचं आणि सरासरी काढायची. चौकटीच्या कडेला धागा अर्धा आला, तर अर्धाच धरायचा. या सगळ्याचं भारतीय मानकही आहे, आयएस १९६३. हे साल नव्हे, मानकाचा क्रमांक आहे. पण माझा जन्म १९६३चा असल्यामुळे मला त्याच्याबद्दल उगाच आपुलकी वाटली. सूत मोजायची पद्धत तर त्याहून न्यारी. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तो त्याचा काउंट. म्हणजे आकडा जितका मोठा, सूत तितकं बारीक. इंग्रज गेले, पौंड गेला, वार गेला. ८४० तेवढे मागे राहिले. मामा कापडाचं वर्णन करतात ते असं: “साठ-साठ, ब्याण्णव-अठ्ठ्याऐंशी.” म्हणजे उभं सूत साठ काउंटचं, आडवंही साठचं, इंचाला उभे ब्याण्णव, आडवे अठ्ठ्याऐंशी. हे झालं केंब्रिक. मुलगी बघायला गेल्यासारखं उंची-रंग-शिक्षण एका दमात.

“मग मोजण्यात भांडण कसं होतं, मामा? भिंग आहे, इंच आहे, धागे आहेत.”

“हात पण आहे की,” मामा म्हणाले. “व्यापाऱ्याचा दिवाणजी कापड ताणून मोजतोय, पीक कमी भरतंय. खर्चीवाला सैल सोडून मोजतोय, जास्त भरतंय. दोघंबी देवाशपथ खरं बोलतात. एकदा असंच दोन पिकांवरून अडलं. सकाळी दहाला बसले, दुपारचं जेवण झालं, तरी मिटंना. शेवटी मी म्हटलं, एक पीक तू सोड, एक तू सोड. उठले दोघं.”

“पण मामा, कापड तर विणून झालं होतं ना? मग त्यात खरं पीक किती होतं?”

मामांनी भडंगाचा घास घेतला. “एक सोडून जेवढं राहील तेवढं.”

भिंग चार दिवस माझ्याकडे राहिलं आणि मी वाया गेलो. या व्यसनाला मोठी परंपरा आहे. हॉलंडातल्या डेल्फ्ट गावी आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाच्या गृहस्थानं १६५४च्या सुमारास कापडाचं दुकान काढलं. कापडवाल्यांकडे धागे बघायला भिंग असायचंच. हा बाबा स्वतः भिंगं घासू लागला, ती इतकी उत्तम निघाली की पुढे त्याला पाण्याच्या थेंबात आणि स्वतःच्या दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव दिसले. त्याआधी ते कुणीच बघितले नव्हते. मलाही चादरीत एक जीव दिसला. मुंगी होती. भडंगावर आली होती.

मी सोफ्याची कव्हरं मोजली. पडदे मोजले. देवघरातलं आसन मोजलं. शेजाऱ्यांच्या दोरीवरचा टॉवेल मोजायला गेलो, पण टॉवेलात दोन प्रकारचे उभे धागे असतात, त्यात गोंधळ झाला आणि शेजारीणबाई बाहेर आल्या. सगळ्यात वाईट वेळ आली ती बँकेत. माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते, पाठीवर सुरेख पांढरं पॉपलिन. रांग हलत नव्हती. पाठ आयती होती. मी हळूच भिंग टेकवलं.

“काय चाललंय?” गृहस्थ मान न वळवता म्हणाले.

“काही नाही. मोजतोय.”

“काय?”

“उभे.”

“सोळा आहेत,” ते वैतागून म्हणाले. “सतरावे तुम्ही. मी पण मघाशी मोजले.”

“नाही, नाही, इथंच शंभरच्या वर गेलेत. आडवे अजून मोजायचेत.”

आडवे म्हटल्यावर ते वळले. माझ्या हातात पितळी काहीतरी आहे, हे त्यांना दिसलं. रांगेतला माझा नंबर त्यानंतर आपोआप सहाव्यावर आला, कारण मधली मंडळी दुसऱ्या खिडकीकडे सरकली.

असो. चादरीचा निकाल. पाच जागी मोजून, सरासरी काढून, अर्ध्याचा अर्धा धरून, शेवटचा आकडा मी माझ्या बॉलपेनच्या चौकोनात पडताळला. उभे १६४, आडवे ७२. बेरीज २३६.

“आणि बाकीचे सातशे चौसष्ट?” मी विचारलं.

मामांनी सुईनं एक धागा उचलला आणि त्याचा पीळ उलगडला. आतून चार बारीक पदर निघाले. “हे चार मोजलेत त्यांनी. पदर धागे म्हणून लावलेत.”

“असं कसं चालेल?”

“का? तुमच्या घरात माणसं किती?”

“दोन.”

“बोटं मोजली तर चाळीस होतात. जाहिरात द्यायची असली, तर चाळीस म्हणायचं.”

पदर मोजून आकडा फुगवण्याची ही युक्ती जगभर चालते. अमेरिकेत २००५ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी, यानं गिऱ्हाइकाची दिशाभूल होऊ शकते, असं कापडवाल्यांच्या संघटनेला लेखी कळवलं होतं. म्हणजे मी एकटाच मूर्ख नव्हतो, हे वाचून बरं वाटलं. पण माझं गणित पक्कं असल्याचं मी मघाशीच सांगितलं आहे. २३६ गुणिले चार म्हणजे ९४४. बोटं मोजूनसुद्धा हजार भरत नव्हते! छप्पन्न कमी. फसवायचं तर निदान पूर्ण फसवा. मी ग्राहक सेवेला फोन केला.

“चादरीत छप्पन्न धागे कमी आहेत.”

“सर, चादर कुठे फाटलेली आहे का?”

“फाटलेली नाही. म्हणजे एक भोक आहे, ते मी पाडलंय. पण धागे मुळातच कमी आहेत.”

“सर, किती आले?”

“नऊशे चव्वेचाळीस.”

पलीकडे शांतता. मग कुणाला तरी हळूच विचारल्याचा आवाज. मग पुन्हा ती मुलगी, अतिशय गोड आवाजात. “सर, हे फर्स्ट वॉशच्या आधीचं आहे का? वॉश केल्यावर प्रॉडक्ट सेट होतं, सर.”

मी संतापून हे मामांना सांगितलं. मामा हसतील असं वाटलं होतं. ते गंभीर झाले.

“खरं बोलली पोरगी. मागावर सूत ताणलेलं असतंय. पाण्यात गेलं की ताण सुटतो, कापड आकसतं. आकसलं की इंचात धागे जास्त बसतात. धुवा.”

मामा शस्त्रक्रियेची तारीख आणि आपलं भिंग घेऊन इचलकरंजीला परत गेले. मी धुवायला लागलो. गरम पाण्यात. पहिल्या धुण्यानंतर चादर वाळवली, मुलीच्या शाळेतलं भिंग शोधलं आणि बॉलपेनच्या चौकोनात सुई घातली. १६४ आणि ७२. दुसऱ्यांदा धुतली. १६४, ७२. तिसऱ्यांदा. फुलं फिकी झाली, निळ्याचं आकाशी झालं, पण चौकोन तसाच ठसठशीत आणि त्यात धागे तेवढेच. एक वाढला नाही, एक कमी झाला नाही. मामांचं चाळीस वर्षांचं ज्ञान खोटं पडलं, या विचारानं मला एक नीच आनंदही झाला. तसा फोनच लावणार होतो.

“पट्टी ठेवून बघा,” ही म्हणाली.

“कशावर?”

“चौकोनावर.”

पट्टी ठेवली. चौकोन इंचाचा राहिला नव्हता. कापडाबरोबर माझा इंचही आकसला होता, आणि मी तीन धुणी त्याच त्या धाग्यांना पुन्हा पुन्हा मोजत बसलो होतो. ही काही बोलली नाही. न बोलण्याची तिची एक विशिष्ट पद्धत आहे, ती शब्दांपेक्षा महाग पडते.

नवा चौकोन आखला (पेन्सिलनं). उभे १७२, आडवे ७६. बेरीज २४८. मामा जिंकले, पोरगी जिंकली. गुणिले चार, ९९२! हजाराला फक्त आठ कमी. मी बादली भरायला उठलो.

तेवढ्यात हिनं ती चादर गादीवर अंथरून दाखवली. मूळची ९० बाय १०० इंच. गादी सहा फूट रुंद, सहा इंच जाड, म्हणजे दोन्ही बाजूंना खोचायला तीन-तीन इंच मिळायचे. आता जेमतेम इंच मिळतो. रात्री मी कूस बदलली की चारही कोपरे एकदम सुटतात आणि चादर माझ्याभोवती गुंडाळली जाते. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात; आमच्याकडे अंथरूणच पाय आखडून घेतंय.

“आणखी एकदाच धुतो,” मी म्हणालो. “हजार झाले की थांबतो.”

“धुवा,” ही म्हणाली. “मग टेबलावर घालू.”

तिनं कपाटातून जुनी सोलापुरी चादर काढून माझ्या अंगावर टाकली. बादलीला कुलूप नाही, पण बाथरूमला आहे, आणि त्याची किल्ली गेले चार दिवस मला सापडत नाही.

तेव्हा वाचकहो, आठ धागे कमी पडताहेत. कुणाच्या चादरीत जास्तीचे निघाले, तर कृपया कळवावं. उभे असोत, आडवे असोत, चालतील. फक्त ताणून मोजू नका.